माझा पीएच सात

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळी ११

सायली माहेरी गेली. इगतपुरीला. कारण काहीच नाही. मी मिक्सरचं भांडं अंगणात फेकलं, एवढंच. तेही रिकामं. चटणी आधीच भिंतीवर गेली होती.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहून ठेवतो. लग्नाला बारा वर्षं झाली, पण मी बायकोच्या अंगाला बोट लावलेलं नाही. हात लावला तो भांड्यांना. जीपमध्ये बसताना तिला हे सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, भांडी संपत आलीत.

तिची अट: दिवाळीपर्यंत गावातून तुमच्या भांडणाचा एकही फोन आला नाही, तर धनत्रयोदशीला येते. आला, तर भात काढणी होईपर्यंत येत नाही आणि पुढचंही धरून चालू नका. हे सगळं ड्रायव्हरसमोर. ड्रायव्हरने मान हलवली. त्याला विचारलं होतं का कोणी? त्याच्या दारावर नुसती थाप मारली. दाराला पोचा आधीपासून असेल.

दुपारी ३

शांत डोक्याने विचार केला. मी बीएस्सी केमिस्ट्री. (दुसऱ्या वर्षापर्यंत. टायट्रेशनवरून प्रॅक्टिकलच्या सरांशी मतभेद झाले, त्यात एक स्टूल मोडलं.) त्यामुळे मला कळतं ते गावात कोणाला कळत नाही. राग हा स्वभाव नाही, राग हे अ‍ॅसिड आहे. पोटात तयार होतं, वर चढतं आणि हातात उतरतं. अ‍ॅसिडला बेस भेटला की मीठ आणि पाणी. विषय संपला.

निश्चय: रोज सकाळी खायचा सोडा घ्यायचा. रोजनिशी लिहायची, प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखी. आणि रोज स्वतःचा पीएच नोंदवायचा. सातच्या खाली अ‍ॅसिड, वर बेस, सात म्हणजे न्यूट्रल. धनत्रयोदशीला सायलीला सात दाखवायचा.

आजचा पीएच: अंदाजे साडेसहा. सणाचा दिवस असूनही.

४ ऑक्टोबर

सोडा घेतला. ढेकर आला. राग आला नाही. निष्कर्ष: थिअरी बरोबर.

ऑनलाइन पीएच मीटर मागवलं. माझ्यासाठी आणि बागेसाठी, दोन्हीसाठी. द्राक्षाला बोर्डो मारायचाय. बोर्डो म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना यांचं फवारायचं औषध. मोरचूद अ‍ॅसिडच्या बाजूचं, चुना बेसच्या. दोन्ही नीट जुळले तर करपा-डावणीसारखे रोग पळतात. मोरचूद वरचढ झालं तर कोवळं पान जळून जातं.

आता हे जुळलं की नाही ते आमचा हर्षल कसं बघतो? हर्षल म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याची बाग माझ्या बागेला लागून, मधे फक्त बांध. तो ड्रममध्ये लोखंडी विळा बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला की म्हणतो, अजून अ‍ॅसिड हाय, चुना टाका. वडील असंच करायचे, अख्खा गाव असंच करतो. वरून हर्षल त्याची रील काढतो. माणसं चंद्रावर गेली आणि हा विळा घेऊन उभा. बघितलं की हात शिवशिवतात. सोडा घेतला.

७ ऑक्टोबर

मीटर आलं.

कुरियरवाला पोरगा फाट्यावर थांबला आणि फोनवर म्हणाला, काका, इथं येऊन घेऊन जा. काका. मी एक्केचाळीसचा. तरी गेलो. त्याला समजावून सांगितलं. समजावताना पार्सल त्याच्या दिशेने गेलं. तो वाकला, पार्सल विजेच्या खांबाला लागलं. त्याने उचलून आणून दिलं, अगदी अदबीने. त्याची बाइक आपोआप पडली.

घरी येऊन खोकं हलवलं तर आत काहीतरी खुळखुळत होतं. बहुतेक बॅटरी फ्री दिली असेल.

पहिलं रीडिंग, माठातलं पाणी: ७.०. अंगावर काटा आला. एवढं परफेक्ट मशीन आमच्या कॉलेजमध्येसुद्धा नव्हतं.

कुरियरचं प्रकरण आईला कळलं. आमची आई कुसाबाई, तिच्यापर्यंत सगळं पोचतं. संध्याकाळी सायलीचा फोन आला तेव्हा आई म्हणाली, सगळं निवांत हाय बाई, लय गुणाने वागतोय. हे खरंच आहे. फोन ठेवल्यावर माझ्याकडे बराच वेळ बघत बसली. वयामुळे असेल.

९ ऑक्टोबर

दिवसभर रीडिंग घेतली. विहीर ७.०. दूध ७.०. चहा ७.०. लिंबूसरबत ७.०. लिंबाचं जरा आश्चर्य वाटलं, पण आईने साखर भरपूर घातली होती. साखर सगळ्यांना न्यूट्रल करते. पुस्तकात हे नाही. पुस्तकं जुनी झाली आहेत.

शेवटी मीटर धुतलं आणि जिभेखाली धरलं.

आजचा पीएच: ७.०. अंदाज नाही, मशीनने मोजलेला.

फोटो काढून सायलीला पाठवला. तिने विचारलं, हे थर्मामीटर आहे का. बाई आर्ट्सची आहे. चिडलो नाही.

१० ऑक्टोबर

विंचूरला गेलो, मोरचूद आणि चुना आणायला. दुकानदार सावळीराम. माझ्यानंतर आलेल्या माणसाला त्याने आधी औषध दिलं. मी फक्त एवढंच विचारलं की माझं तोंड दिसत नाही का. विचारताना काउंटरवर हात टेकला. काच आधीच तडकलेली असणार, नाहीतर अशी खाली येत नाही.

सावळीराम आत गेला, कोपऱ्यातलं चुन्याचं एक उघडं पोतं ओढून आणलं आणि स्वतः माझ्या स्कूटरवर बांधून दिलं. म्हणाला, घ्या शेठ, जा आता. न्यूट्रल माणसाला लोक पटकन सर्व्हिस देतात.

रस्त्यात मिसळ खाल्ली. जळजळ. सोडा. जळजळ. पुन्हा सोडा.

११ ऑक्टोबर

चुना विझवला. म्हणजे पाण्यात टाकला. बांधापलीकडे हर्षलही विझवत होता. त्याचा चुना पाण्यात पडताच भडभड उकळायला लागला, वाफा काय, आवाज काय, गडी चार हात लांब. माझा चुना पाण्यात बसला आणि गप राहिला. बुडबुडासुद्धा नाही. हात घालून पाहिला, पाणी गार.

हर्षल बांधावर येऊन म्हणाला, दादा, तुझा चुना मेलाय. उघड्या पोत्यात हवा खाऊन खाऊन मेलाय. जिवंत चुना पाण्याला पेटतो. दुसरा आण, हा काय कामाचा नाय.

म्हणजे जे थयथयाट करतं ते जिवंत आणि जे शांत आहे ते मेलेलं. याची अक्कल बघा. मी त्याला सांगितलं, ज्याचा जसा स्वभाव, तसा त्याचा चुना. तो म्हणाला, ते बी खरंय. आणि हसला.

तो हसला तेव्हा माझ्या हातात ढवळायची काठी होती. ती फक्त मोडली. माझ्याच गुडघ्यावर. हे नोंदवून ठेवावं.

१२ ऑक्टोबर. दुपारी १

काय झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे पुढे कोणी उलटं सांगायला नको.

साहित्य: मोरचूद, चुना, ड्रम, मीटर. निरीक्षण: ७.०. फवारा मारणार, एवढ्यात हर्षल विळा घेऊन बांध ओलांडून आला. म्हणाला, दादा, एकदा बुडवून बघू दे, पान कोवळं हाय, बाग जळंल. मी मीटर दाखवलं. तो म्हणाला, मीटर राहू दे, विळा बुडवतो. मी म्हटलं, माझ्या ड्रमला हात लावलास तर तो हात घरी नेता येणार नाही. त्याने लावला. मी त्याची कॉलर धरली, सभ्यपणे. एक बटण तुटलं. तो गेला.

तो गेल्यावर मला राग आला, आणि तोही त्याने आणला. त्याच्या बाजूला जाऊन त्याच्या चुन्याच्या ड्रमला लाथ घातली. कालचा नव्हे, त्याने आज नवा टाकला होता. उकळता. अर्धा ड्रम जमिनीवर आणि अर्धा माझ्या पायावर.

आता चुना हा बेस. बेसवर अ‍ॅसिड. ही बीएस्सीची गोष्ट आहे, घाबरायचं काही नव्हतं. लंगडत घरी आलो, दोन लिंबं कापली आणि पायावर चोळली.

मी ओरडलो नाही. शेजारची पोरं खिडकीत आली ती दुसऱ्या कशासाठी तरी.

रात्री ८

डॉक्टर म्हणाले, पाणी ओतायचं होतं, नुसतं पाणी, धो धो. लिंबू कोणी सांगितलं? मी म्हटलं, केमिस्ट्री. ते म्हणाले, अंगावर प्रयोग करत जाऊ नका. पट्टी बांधली.

परत आल्यावर उरलेल्या उजेडात सगळी बाग फवारली. लंगडत, पाइप ओढत. आता अडवायला कोणी नव्हतं. हर्षल ड्रम सरळ करत होता, वर बघितलं नाही.

आईने सायलीला फोनवर सांगितलं, पाय मुरगळला.

आजचा पीएच: ७.०. पायाचा मोजला नाही.

१४ ऑक्टोबर

पानांच्या कडा तपकिरी. कडेची ओळ जास्त. कडेची ओळ म्हणजे हर्षलच्या बाजूची. लिहायची गरज नाही, पण लिहितो: त्याने काहीतरी मारलं. जळफळाट.

ड्रमच्या तळाशी उरलेलं औषध पुन्हा तपासलं: ७.०. म्हणजे माझा दोष शून्य.

हर्षलच्या ठिबकच्या नळ्या माझ्या पायाखाली आल्या. ज्या पायाला पट्टी नाही त्या. बऱ्याच ठिकाणी आल्या.

१६ ऑक्टोबर

कडेची ओळच नाही, सगळ्या ओळी. कोवळे शेंडे काळे पडून मुडपलेत. घडांचं बघवत नाही. आई सकाळी बागेत गेली, एक पान तोडलं आणि ते हातात घेऊन मांडवाखाली उभी राहिली. पान चुरून खाली सांडलं तरी हात तसाच.

गावात चर्चा आहे की मी बाग जाळली. टपरीवर दोघांना विचारलं, कोण म्हणतं. एकाचा चहा सांडला. त्याच्याच अंगावर.

सायलीचा फोन आला. आवाज छान होता. बऱ्याच दिवसांनी असा ऐकला. म्हणाली, आई सांगतात सगळं नीट चाललंय, एक फोन आला नाही गावातून, मला तर खरंच वाटेना. परवा येते, संध्याकाळपर्यंत. मी म्हटलं, ये. फोन ठेवला आणि वेळ नसताना सोडा घेतला. अ‍ॅसिड वर आलं असेल.

घर झाडलं. मिक्सरचं नवं भांडं आणलं, न फुटणारं, तसं खोक्यावर छापलंय. भिंतीवरचा चटणीचा डाग राहिला, त्यावर कॅलेंडर लावलं.

प्लॅन: परवा सकाळी सगळ्यांसमोर प्रयोग करायचा. नवा बोर्डो, तोच चुना, मीटर आणि हर्षलचा विळा, दोन्ही समोरासमोर. गावाची तोंडं बंद. संध्याकाळी सायली येईल तेव्हा मी निर्दोष आणि अंघोळ केलेला.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी. सकाळी ७

सोडा, दोन चमचे. जिभेखाली मीटर: ७.०. आज काय वाटेल ते झालं तरी हात मागे बांधून उभा राहणार. लिहून ठेवलं.

संध्याकाळी ६

हात मागे बांधून उभा होतो. सुरुवातीला.

पंधरा-वीस माणसं जमली होती. मी मीटर बुडवलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: ७.०. लोक बघत राहिले. मग हर्षलला म्हटलं, घाल तुझा विळा. त्याने घातला, थोडा वेळ धरला, वर काढला.

पातं लालभडक. तांब्याच्या हंड्यासारखं.

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. हर्षल हसला नाही, हे कबूल करावं लागेल. तो हळूच म्हणाला, दादा, जाऊ दे, चूक होते माणसाची, पुढच्या छाटणीला बघू. एवढ्या लोकांसमोर माझ्यावर दया. कोणी मला शिवी दिली असती तर मी न्यूट्रल राहिलो असतो, शपथेवर सांगतो.

बुक्की त्याच्या नाकावर बसली. नाक फुटलं. विळा त्याच्या हातातून माझ्या हातात कसा आला ते आठवत नाही. तो पळाला, म्हणून मी पळालो. तो पळाला नसता तर मी कशाला पळालो असतो. त्याच्या मागे पट्टीच्या पायाने बांधावरून, ओढ्यातून, थेट फाट्यापर्यंत. मी काय ओरडत होतो ते लोक सांगतात. इथे लिहीत नाही.

फाट्यावर जीप थांबली होती. सायली उतरत होती. संध्याकाळची म्हणाली होती, सकाळीच आली. हातात मिठाईचा पुडा होता.

जीपमधल्या बाया किंचाळल्या. रक्त, रक्त. हर्षलचं नाक वाहत होतं आणि माझ्या हातात लाल विळा. मी सांगायला लागलो, हे रक्त नाही, हे तांबं आहे, लोखंड आणि मोरचुदाची रिअ‍ॅक्शन आहे. कोणी ऐकेना. ड्रायव्हर तोच होता, दसऱ्याचा. तो खाली उतरून हर्षलच्या पुढे उभा राहिला.

सायली माझ्याकडे आली. घाबरली नव्हती. माझ्या हातातून विळा घेतला, अंगठ्याने पातं पुसलं, अंगठा पाहिला आणि विळा हर्षलला परत दिला. त्याला पदर दिला नाकाला धरायला. मग मला म्हणाली, रक्त नाही ते मला लगेच कळलं. पण या सगळ्यांना ते रक्त वाटलं, आणि तुम्ही हे केलं असेल याचं त्यातल्या एकालाही नवल वाटलं नाही.

एवढ्यात आई आली, धापा टाकत. हातात पिशवी. पिशवी भरलेली होती, ती कधी भरली ते विचारलं नाही. आई म्हणाली, तुझ्यापायी या पोरीशी लय खोटं बोलले मी, आता या वयात अजून किती बोलू. मला बी ने सायली. भात काढायला हात लागतील तुमच्याकडं. आईला सांधेदुखी आहे, भात काय काढणार.

दोघी त्याच जीपमध्ये बसल्या. मिठाईचा पुडा सायलीने हर्षलकडे दिला.

आजचा पीएच: ७.०. मशीनचं रीडिंग आहे, मी काय करू.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पूजा केली. चुकली असेल, सांगायला कोणी नव्हतं. फटाक्यांचे आवाज हर्षलच्या बाजूने.

मीटरला लिंबू पिळून पाजलं, नुसतं, बिनसाखरेचं. ७.०. मोरचूद, ७.०. खायचा सोडा, ७.०. तिखट, ७.०. शेवटी खालची जाळीदार टोपी काढली. टोकाला काचेचा एक बारीक फुगा असतो, सगळं तोच मोजतो. फुगा नव्हता. पहिल्या दिवशी खोक्यात खुळखुळले ते त्याचेच तुकडे.

कंपनीला मेसेज टाकला की फुटका माल पाठवता, ग्राहक मंचात खेचीन. त्यांनी लगेच उत्तर दिलं, सॉरी सर, खोक्याचा फोटो पाठवा. खोकं पाहिलं. एका कोपऱ्याला खोल चेप आहे, गोल, विजेच्या खांबाएवढा. फोटो पाठवला नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सकाळी हर्षल आला. नाकावर पट्टी. फराळाचा डबा बांधावर ठेवला आणि वळला. मी हाक मारली. तो थांबला. तोंडाकडे नाही, आधी माझ्या हातांकडे बघितलं. मी दोन्ही हात वर करून दाखवले, रिकामे. मग तो दोन पावलं पुढे आला. तेवढीच. म्हणाला, पुढच्या वेळी चुना मी आणून देतो. मी बरं म्हटलं. लहानपणी हा माझ्या पाठीवर बसून विहिरीत पोहायला शिकला.

डब्यात सायलीने आणलेली मिठाईही होती. खाल्ली. नंतर रडू आलं. जळजळ नव्हती, तपासलं, रडूच होतं.

सायलीला मेसेज केला: मीटर फुटलेलं होतं. मला सात दाखवत राहिलं, म्हणून हे सगळं झालं.

तासाभराने उत्तर आलं: मी बारा वर्षं बिनमीटरची सांगत होते.

त्याखाली अजून एक: आई बऱ्या आहेत. त्यांना इथे झोप लागते.

भिंतीवरचं कॅलेंडर काढून चटणीचा डाग घासायला घेतला. आधी सोडा लावला. मग वरून लिंबू पिळलं. फेस खूप आला. डाग आहे.